तीन फेऱ्यांत वर गेलेला साचा

काय काम करायचात, असं कोणी विचारलं की मी सांगते, "ओढायचे." समोरचा माणूस आधी माझ्या ओठांकडे बघतो, मग बोटांकडे. विडीचा वास येत नाही म्हटल्यावर त्याला पुढे काय विचारावं ते सुचत नाही. म्हणून या अंकाच्या निमित्ताने एकदाच खुलासा करून टाकते. परळला जुन्या गिरणीच्या जागेवर काचेचे तीन टॉवर उभे आहेत. तिथे मी अकरा वर्षं एक छोटी गाडी चालवली. गाडीमागे ट्रॉली लावायची आणि जे जड असेल ते इथून तिथे ओढून न्यायचं. माती, कुंड्या, पाण्याच्या टाक्या, जनरेटर, ओला कचरा, सुका कचरा, एकदा एक पांढरा पियानो. आणि एकदा एक साचा.

साचा म्हणजे कापड विणायचा माग. पुस्तकात माग म्हणतात. लालबाग-परळमध्ये ज्याच्या घरी पगार यायचा तो साचा म्हणतो.

गाडीचं कागदोपत्री नाव लांबलचक होतं. दोन माणसं शेजारी शेजारी बसतील एवढी सीट, वर छप्पर, दारं नाहीत, मागे लहानसा हौदा आणि हौद्याखाली ट्रॉली जोडायचा हूक. टॉवरमधली मंडळी तिला बग्गी म्हणायची आणि रिक्षासारखा हात दाखवून थांबवायची. आम्ही तिला खेचर म्हणायचो. बाप मोटार आणि आई ट्रॅक्टर असावी, असं तिचं रूप होतं.

माझ्याआधी खेचरावर तीन ड्रायव्हर झाले. तिसऱ्याने ट्रॉली मागे घेताना ती लॉबीसमोरच्या कारंज्यात घातली. तेव्हा मी साफसफाई खात्यात सुपरवायझर होते. ट्रॉली मागे घेण्याची गंमत अशी, की शेपूट डावीकडे जायला हवं असेल तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवायचं. आपण म्हणू तसंच सगळं होतं अशी ज्याची खात्री असते, त्याला हे जन्मभर जमत नाही. पंधरा वर्षं संसार केलेल्या बाईला दोन दिवसांत जमतं. मी कारंज्यातून ट्रॉली बाहेर काढली, सरळ रेषेत शेडपर्यंत मागे नेली आणि खाली उतरले. आमचे इस्टेट मॅनेजर दीक्षित साहेब बघत होते. ते म्हणाले, "पालव मॅडम, तुम्ही हे कुठे शिकलात?"

मी म्हटलं, "हातगाडीवर."

त्यांना तो विनोद वाटला.

संप झाला तेव्हा मी चौथीत होते. बाबा याच गिरणीत साचाखात्यात होते, चार साचे सांभाळायचे. संप महिन्याभरात मिटेल असं सगळे म्हणत होते. आमच्या चाळीत हे वाक्य दर महिन्याला नव्याने म्हटलं जायचं. पावसाळा गेला, गणपती गेले, तेव्हा बाबांनी भाड्याने हातगाडी घेतली आणि लालबागच्या मसाल्याच्या बाजारात ओझी वाहायला लागले. मिरची, धणे, हळकुंडं. शाळा सुटली की मी आणि आई मागून ढकलायला. पूल चढेपर्यंत डोळ्यांतून पाणी. लोकांना वाटायचं, काय ही परिस्थिती, पोर रडतेय. पोर मिरचीने रडत होती.

हातगाडीवर दोनच गोष्टी शिकायच्या असतात. वजन चाकांच्या किंचित पुढे ठेवायचं. फार पुढे गेलं तर ओढणाऱ्याच्या कमरेवर येतं, मागे गेलं तर दांडी वर उडते आणि गाडी आपल्याला झोका देते. दुसरी गोष्ट उताराची. उतारावर गाडीच्या पुढे कोणी उभं राहायचं नाही, आपलं माणूस तर नाहीच. "गाडीक नाती कळत नाय," असं बाबा म्हणायचे. पुढे खेचर हातात आल्यावर त्याचं इंग्रजी पुस्तक मी माझ्या मुलीकडून समजून घेतलं. तीस पानांत हेच लिहिलं होतं, फक्त चित्रांसह. त्यात पिन लावून क्लिप घाला, साखळ्या एकीवरून दुसरी अशा तिरप्या बांधा, उतारावर गियर खालचा ठेवा, आणि गाडीच्या पट्टीवर लिहिलेल्या वजनापुढे जाऊ नका, एवढी भर होती.

पट्टीवर लिहिलं होतं, सहाशे किलो, ट्रॉलीसकट. ती पट्टी वाचणारी त्या आवारात मी एकटीच होते. बाकीच्यांना खेचराची ताकद साहेबाच्या आवाजावर ठरते असं वाटायचं.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. पियानोवाल्या गृहस्थांना पियानो ओढला जात असताना तो वाजवायचा होता, कोणीतरी फोटो काढणार होतं. मी म्हटलं, वाजवा, पण आधी ट्रॉलीवरून खाली उतरा. एकोणिसाव्या मजल्यावरच्या बाईंनी त्यांच्या कुत्र्याला खेचरातून रोज फेरी मारून आणायची विनंती केली. कुत्र्याला चालायचा कंटाळा होता. आणि दीक्षित साहेबांनी वृक्षारोपण सप्ताहात पाण्याची टाकी अर्धीच भरायला लावली, म्हणजे गाडीवर ताण येणार नाही.

मी म्हटलं, "साहेब, एक तर पूर्ण भरा नाहीतर रिकामी न्या. अर्धी टाकी नाचते."

"मॅडम, अर्धं म्हणजे निम्मं वजन. साधं गणित आहे."

साहेब शिकलेले, पुण्याचे, मराठीही छापील बोलायचे. ते स्वतः बाजूच्या सीटवर बसले. वळणावर टाकीतलं पाणी एका बाजूला धावलं, ट्रॉली त्याच्यामागे धावली, खेचराचं शेपूट सरकलं आणि झाकण उडून जे पाणी बाहेर आलं ते बरोबर बाजूच्या सीटवर आलं. उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण मी शाळेत निबंधात बरेचदा वापरली होती. ती वाहतुकीचा नियम आहे हे तेव्हा समजलं.

इथपर्यंत हसायचं झालं. आता तुकारामचं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय साच्याचं कळणार नाही.

तुकाराम आमचा माळी. एकदा मातीची पोती नेताना तो पोत्यांवर चढून बसला. ट्रॉलीवर माणूस बसवायचा नाही हे मला ठाऊक होतं. मी उतर म्हटलं. तो म्हणाला, "बाई, एवढ्याशा अंतरासाठी कशाला, हळू घ्या." दुपारची वेळ, दोघांनाही जेवायला जायचं होतं. मी हळू घेतली. वळणावर एक पोतं घसरलं, त्याच्यामागे तुकाराम. घोटा मोडला. तीन महिने घरी बसला आणि परत आला तो लंगडतच. कंपनीने कागद तयार केला, त्यात लिहिलं होतं, कामगाराचा स्वतःचा निष्काळजीपणा. खाली सुपरवायझरची सही हवी होती. माझं कंत्राट त्याच आठवड्यात वाढायचं होतं. मी सही केली. एवढंच.

त्यानंतर दोन वर्षांनी साचा आला.

साचा कुठून आला नव्हता, तिथेच होता. मागच्या गेटजवळच्या भंगाराच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली. टॉवरला दहा वर्षं होणार होती आणि या जागेचा वारसा जपायचा असं वरच्या मंडळींनी ठरवलं. गिरणी पाडून झाली होती, चाळी रिकाम्या होत होत्या, तेव्हा वारसा जपायला आता काही अडचण नव्हती. साचा पोडियमवर, म्हणजे टॉवरच्या पहिल्या मोठ्या गच्चीवर, काचेच्या मंडपात ठेवायचा होता. दसऱ्याला कंपनीच्या अध्यक्षांच्या हस्ते त्याची पूजा. गच्चीवर क्रेन चालत नव्हती, खालचा स्लॅब तेवढा भार घेत नव्हता. राहता राहिलं खेचर आणि गच्चीवर चढणारा रॅम्प.

दसऱ्याच्या तीन दिवस आधी दीक्षित साहेबांनी मला शेडमध्ये नेलं. बरोबर हिरा होती. हिरा वरळी कोळीवाड्याची, माझ्या खात्यातली सगळ्यात जुनी बाई. माझ्या खेपांना ती बाजूने चालायची आणि चढावर थांबावं लागलं तर चाकामागे लाकडी ठोकळा सारायची. होड्या ओढलेल्या घरातली, त्यामुळे तिला काही समजावून सांगावं लागत नसे. साच्याला नुकता काळा चकचकीत रंग मारला होता.

साहेब म्हणाले, "हा अखंड वर न्यायचा. चार सिक्युरिटीवाले ट्रॉलीवर उभे राहून धरतील."

मी साच्याभोवती फिरले. "साहेब, हा नऊशे किलोच्या खाली नाही. आणि रॅम्प बघा, मध्ये वळण आहे. अखंड नेणं धोकादायक आहे. खोलून तीन खेपांत नेऊ."

"खोलायचा नाही. पूजेची वस्तू आहे. खोलली तर खंडित होते. दसऱ्याला खंडित वस्तूची पूजा? अध्यक्ष या बाबतीत फार काटेकोर आहेत."

"मग खेचर नेणार नाही. आणि ट्रॉलीवर माणूस बसणार नाही."

"मॅडम, तुकारामच्या वेळी तर बसला होता."

हे त्यांनी छापील मराठीतच म्हटलं. ते पुढे म्हणाले, "तुमचं कंत्राट पुढच्या महिन्यात आहे, नाही का? विचार करा. उद्या दहाला सांगा."

ते गेल्यावर हिराने साच्यावर हात आपटला. "काय गो सुनंदा, चार माणसं वर उभी, नऊशे किलोचं लोखंड. चढावर मागे आलं तर ते चार पोरगे कुठं जातील? खालच्या भिंतीत. नि कागद कोण लिहिणार?"

"सही मीच करणार," मी म्हटलं.

घरी आले, चहा टाकला आणि बाबांना सगळं सांगितलं. आम्ही तेव्हा भोईवाड्याला राहायचो. बाबा सत्तरीच्या पुढचे, पेपर वाचत बसले होते. ट्रॉली, रॅम्प, चार माणसं, हे सगळं त्यांनी पेपरमागून ऐकलं. 'खंडित' शब्दाला पेपर खाली आला.

"कोण म्हणता खंडित होता?"

"दीक्षित साहेब."

"तेच्या बापाशीन कधी साचो बघितल्यान होतो?" बाबा हसायला लागले. "अगो, खंडेनवमीक आमी काय करू? आधी साचो खोलू. रुई, धूळ, जुना तेल, सगळा पुसून काढू, मगे परत जोडू, नि तेच्यावर हार. न खोललेल्या साच्यावर कोणी हार घातल्यान तर जॉबर, आमचो मुकादम, कानाखाली वाजवी. घाण साच्याची पूजा करतात काय?"

मला एकदम आठवलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी बाबा कोपरापर्यंत तेलाने काळे होऊन यायचे आणि आई त्यांना मोरीच्या बाहेर येऊ द्यायची नाही. आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला साचाखात्यात नेऊन झेंडूत बुडालेले साचे दाखवायचे.

"मग तुम्ही चला," मी म्हटलं. "हे साहेबांना तुम्हीच सांगा. आणि खोलायचा, जोडायचा कसा, तेही सांगा. आमच्या फिटरांनी साचा फक्त सिनेमात बघितलाय."

बाबांनी पेपर पुन्हा वर घेतला. "मी येवचंय नाय."

"का?"

"संप आसा."

वाचकांनी हसू नये. संप मागे घेतला असं कोणीही कधीही जाहीर केलं नाही. गिरण्या बंद झाल्या, पाडल्या, विकल्या, पण संप मात्र कागदावर तसाच राहिला. बाकीच्यांनी तो विसरून टाकला. बाबांनी तो पाळला. गेट मीटिंगमध्ये हात वर करून शपथ घेतली होती, संप मिटेपर्यंत गेटच्या आत पाय ठेवणार नाही. शेवटचे हिशेबाचे कागद आले तेव्हाही त्यांनी गिरणीच्या कारकुनाला फुटपाथवर बोलावून तिथे सही केली. माझ्या नोकरीच्या सगळ्या वर्षांत बाबा माझा विसरलेला डबा घेऊन कितीदा आले, पण गेटच्या बाहेरच उभे राहिले.

"बाबा, तिथे आता गिरणी नाही. खाली कॉफी विकतात."

"गेट तोच आसा मा?"

मागचं गेट खरंच तेच होतं. त्याचे दगडी खांब वारसा म्हणूनच ठेवले होते.

"मी आत गेलंय तर संप फोडलो तसा होतला. इतकी वर्सा काढली ती कशाक?"

आता मला चार पोरांची काळजी, कंत्राटाची काळजी आणि वर हा सत्याग्रह. चहाचा कप धुता धुता मला सुचलं. "पाय ठेवू नका," मी म्हटलं. "खेचराला दोन सीटा आहेत. मी गाडी गेटबाहेर आणते. तुम्ही फुटपाथवरून बाजूच्या सीटवर बसा. बसल्या बसल्या आत जाऊ. काम झालं की परत फुटपाथवर सोडते. आतल्या जमिनीला तुमचा पाय लागणार नाही."

बाबा विचारात पडले. गिरणीतला माणूस नियमाला फार मानतो, आणि नियमातल्या फटीला त्याहून जास्त.

"टायर लागतलो," ते म्हणाले.

"टायरने शपथ घेतली नव्हती."

त्यांनी पेपरची घडी घातली. मग म्हणाले, "माझो पांढरो शर्ट इस्त्री करून ठेव."

दुसऱ्या दिवशी दहाला मी दीक्षित साहेबांना सांगितलं, की जुन्या साचेवाल्यांच्या रिवाजाप्रमाणे न खोललेल्या यंत्राची दसऱ्याला पूजा करणं अशुभ असतं. 'धोकादायक' हा शब्द मी आदल्या दिवशी वापरून बघितला होता, त्याचा काही उपयोग झाला नव्हता. 'अशुभ' म्हटल्याबरोबर साहेब खुर्चीत सरळ झाले.

"हे आधी का नाही सांगितलंत? कोण म्हणतं हे?"

"याच गिरणीतले साचेवाले. आणते त्यांना."

"ओरिजिनल?" साहेबांचा चेहरा उजळला. तासाभरात त्यांनी कार्यक्रमपत्रिकेत एक ओळ घालून घेतली, 'पारंपरिक यंत्रशुद्धी विधी, गिरणीतील मूळ कामगारांच्या मार्गदर्शनाखाली.' पत्रिका छापखान्यात परत गेली. चार पोरांचे पाय वाचवायला जे जमलं नव्हतं, ते मुहूर्ताने जमलं.

खंडेनवमीला सकाळी बाबा पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट, कपाळाला गंध लावून फुटपाथवर उभे. मी खेचर बाहेर आणलं. ते सीटवर चढले, पट्टा लावला, दोन्ही पाय उचलून धरले आणि आम्ही गेटातून आत शिरलो. गेट मागे पडेपर्यंत त्यांनी पाय उचललेलेच होते. मी म्हटलं, "बाबा, गाडीला तळ आहे."

"माका म्हायत आसा," ते म्हणाले, पण पाय सावकाशच खाली टेकवले.

साच्यासमोर गाडी उभी केली. दोन फिटर पाने घेऊन तयार होते. बाबांनी सीटवरून साचा न्याहाळला.

"ह्येका काळो रंग कोणी लावल्यान? बोल्टावरसुद्धा? आता रॉकेल आणा."

मग चार तास ते सीटवर बसून हुकूम सोडत होते. खालचा आधी नाही, वरचा. डावीकडचा सैल कर, काढू नको. आधी फणी, मग बीम, फ्रेम शेवटी. बाबा गाडीतून का उतरत नाहीत ते फिटरांना कळेना. हिराने त्यांना सांगितलं, "गुडघ्याचं आहे." मधे दोनदा बाबांना लघवीला जायचं होतं. आवारात सात चकाचक स्वच्छतागृहं होती. मी दोन्ही वेळा खेचर सुरू करून गेटबाहेर नेलं, समोरच्या हॉटेलपाशी उतरवलं आणि परत बसवून आणलं. दीक्षित साहेब म्हणाले, "काकांना आपली प्रसाधनगृहं आवडली नाहीत का?"

पहिल्या दोन खेपा सुरळीत झाल्या. तिसऱ्या खेपेला दोन्ही लोखंडी फ्रेम. मी त्या चाकांच्या किंचित पुढे लावल्या, पट्टे आवळले, पिन, क्लिप, तिरप्या साखळ्या. ट्रॉली धरून पट्टीवरच्या आकड्याच्या आतच होतो, पण काठाला. खालच्या गियरवर रॅम्प चढायला लागलो. तेवढ्यात दीक्षित साहेबांनी, मदत म्हणून, त्याच चार सिक्युरिटीवाल्यांना ट्रॉलीच्या मागे ढकलायला उभं केलं. मला आरशात चार टोप्या दिसल्या.

चढावर थांबू नये हे मला माहीत होतं. मागे माणसं असताना चालू ठेवू नये हेही माहीत होतं. मी ओरडायच्या आत बाबा सीटवर मागे वळले आणि साचाखात्याच्या आवाजात गरजले. ज्याने चारशे साच्यांच्या खडखडाटात जन्म काढला त्याचा आवाज होता तो.

"ए भाऊ! मागसून बाजूक व्हा! चौघव!"

चौघे दचकून बाजूला झाले. त्याच वेळी वळणावर एक फ्रेम पट्ट्यात इंचभर सरकली, ठण्ण आवाज झाला, ट्रॉलीने खेचराला मागे हिसका दिला आणि आम्ही हातभर मागे आलो. मी ब्रेकवर उभी राहिले. हिराने ठोकळा चाकामागे सारला आणि वर पाय देऊन उभी राहिली. थांबलो. जिथे थांबलो तिथून ट्रॉलीमागची भिंत दीड हातावर होती आणि मधल्या जागेत एका पोराची टोपी पडलेली होती. तो स्वतः बाजूला भिंतीला पाठ लावून उभा होता.

मी खाली उतरले, पट्टा पुन्हा आवळला, परत बसले. दीक्षित साहेबांनी टोपी उचलून पोराच्या हातात दिली. चौघेही आता ट्रॉलीपासून इतके लांब उभे होते, की त्यांना हाक मारावी लागली असती.

"चल," बाबा म्हणाले. "घाय नको."

संध्याकाळी साचा वर उभा राहिला. अध्यक्ष उद्याची तयारी बघायला आले. दीक्षित साहेब धावत खेचरापाशी आले. "काका, या ना खाली. अध्यक्षांना तुम्हाला भेटायचंय."

"तेंका हंय येवंदेत," बाबा म्हणाले.

अध्यक्ष आले. खेचराचं छप्पर खाली असल्यामुळे त्यांना वाकावं लागलं. ते म्हणाले, "काका, इतक्या वर्षांनी आपला साचा बघून कसं वाटतंय?"

बाबांनी हात जोडले. "आमच्या मागण्यांचं काय झालं, साहेब?" हे मात्र त्यांनी स्वच्छ मराठीत विचारलं.

अध्यक्ष मनापासून हसले, बाबांच्या खांद्यावर थोपटलं आणि फोटो निघाला. पुढे कंपनीच्या मासिकात तो फोटो आला, खाली लिहिलं होतं, 'जुन्या आठवणींनी भारावलेले ज्येष्ठ कामगार.'

खाली येताना ट्रॉली रिकामी होती. मागच्या गेटवर वॉचमनने खेचराला सलाम ठोकला. बाबांनी त्याच्याकडे वळून बघितलं. या गेटवर रोज सुट्टीला झडती व्हायची. हात वर, खिसे बाहेर. बाबांनी अठरा वर्षं झडती दिली होती. सलाम त्यांना पहिल्यांदाच मिळत होता.

फुटपाथवर ते उतरले तेव्हा मला त्यांचा शर्ट पोटापाशी फुगलेला दिसला. इस्त्रीच्या शर्टात वीतभर लांब, दोन्ही टोकांना निमुळतं काहीतरी होतं. मी त्या नोकरीत अकरा वर्षं प्रत्येक पिन, प्रत्येक क्लिप दोनदा तपासली. त्या संध्याकाळी मी काही तपासलं नाही.

घरी त्यांनी तो टेबलावर ठेवला. साच्याचा धोटा. ताण्याच्या सुतांमधून इकडून तिकडे धावतो, आडवा धागा नेतो, तो धोटा. सगळं जोडून झाल्यावर "तो माझ्याकडे द्या, शेवटी मी बसवतंय" असं म्हणून त्यांनी फिटरांकडून घेतला होता. सीटवरून न उतरता तो बसवणार कसा, हे कोणी विचारलं नाही.

दसऱ्याला पूजा थाटात झाली. अध्यक्षांनी बटण दाबलं, तशी मंडपात लपवलेल्या स्पीकरमधून साच्याची खडखड ऐकू आली. टाळ्या पडल्या. साच्यापुढच्या पितळी पाटीवर लिहिलंय, 'संपूर्ण चालू स्थितीत जतन.' धोट्याची चौकशी आजवर कोणी केलेली नाही.

माझं कंत्राट पुढच्या महिन्यात वाढलं. पहिल्याच दिवशी मी ट्रॉलीवर पांढऱ्या रंगाने लिहून घेतलं, 'यावर माणूस बसणार नाही.' तुकाराम लंगडत आला, सावकाश वाचलं आणि म्हणाला, "अक्षर चांगलंय बाई. जरा आधी काढायचं होतं." मी हो म्हटलं. त्याच्या कागदावरची सही तशीच आहे, ती पुसायला रंग मिळत नाही.

यंदा मी ती नोकरी सोडली, म्हणून हे लिहायला हरकत नाही. बाबा आता ऐंशीच्या पुढे आहेत. धोटा आमच्या घरी काचेच्या कपाटात, माझ्या मुलीच्या पदवीच्या फोटोशेजारी आहे. दर खंडेनवमीला ते तो बाहेर काढून तेलाच्या फडक्याने पुसतात. परवा शेजारचे गृहस्थ आले होते, त्यांनी विचारलं, "हे काय आहे हो, काका?"

बाबांनी धोटा कपाटात ठेवला आणि कडी लावली.

"तो हंय आसा," ते म्हणाले, "तवसर थंय काम सुरू होवचा नाय."